महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2025 मधील किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यावर आला आणि 2012 हे पायाभूत वर्ष (ज्या वर्षीच्या भावांशी तुलना होते ते) धरणाऱ्या मालिकेतला तो नीचांक ठरला, ही बातमी नोव्हेंबरमध्ये बहुतेक वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. आकडा खरा होता आणि बातमीही खरी होती. तरीही ती वाचून आमच्या खानापूर भागात अनेकांचा असा समज झाला की आता वस्तू स्वस्त झाल्या आहेत, आणि बाजारात तसा काही अनुभव येईना म्हणून सरकारी आकड्यांवरचा त्यांचा विश्वासच उडाला. माझे शेजारी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांनी मला सरळच विचारले, "सर, महागाई शून्यावर आली म्हणतात, मग माझ्या गोळ्यांचं बिल का उतरंना?" त्यांचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर वृत्तपत्रांतून सविस्तर मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण ज्यांच्या हातात दरमहा ठरावीक रक्कम पडते अशा सीमाभागातील हजारो कुटुंबांचा हा विषय आहे.

महागाईचा दर म्हणजे भाव नव्हेत, भाव किती वेगाने वाढले त्याचे ते माप आहे. दर शून्याजवळ आला याचा अर्थ गेल्या वर्षी याच महिन्यात जे भाव होते, जवळपास तेच या वर्षीही आहेत, इतकाच होतो. त्याआधीच्या पाच, दहा, वीस वर्षांत जी वाढ झाली ती जिथल्या तिथे राहते. भाजीपाल्याचेच उदाहरण घेऊ, कारण त्या बातमीत भाजीपाल्याचाच वाटा मोठा होता. ऑक्टोबर 2024 मध्ये भाजीपाल्याचे भाव आदल्या वर्षीच्या तुलनेत 42 टक्क्यांनी चढलेले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये ते त्या चढलेल्या पातळीवरून सुमारे साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरले. आता हिशोब मांडून पाहावा. 2023 च्या ऑक्टोबरात जी भाजी शंभर रुपयांना मिळत होती, ती 2024 मध्ये 142 रुपयांना आणि 2025 मध्ये सुमारे 103 रुपयांना मिळाली. बातमीत साडेसत्तावीस टक्क्यांची घट दिसली, आणि गृहिणीच्या पिशवीत मात्र दोन वर्षांपूर्वीचाच भाव, किंचित चढाच, पडला. शिवाय 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे अनेक दर कमी झाले, त्याचाही हातभार त्या नीचांकाला लागला. त्याच महिन्यात खाद्यतेल मात्र आदल्या वर्षीपेक्षा महागच होते. तेलाचा डबा आणणाऱ्याला आणि भाजी आणणाऱ्याला एकाच महिन्यात दोन निराळ्या महागाया दिसाव्यात, यात आश्चर्य नाही.

आता माझ्या शेजाऱ्यांच्या पासबुकाकडे वळतो. त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ते डिसेंबर 2010 मध्ये निवृत्त झाले. 16 नोव्हेंबर 1995 रोजी सुरू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत ते पहिल्या दिवसापासून होते. या योजनेचे सूत्र साधे आहे: निवृत्तिवेतनास पात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. पण तो पात्र पगार कितीही नव्हता. जून 2001 पासून ऑगस्ट 2014 पर्यंत त्याची कमाल मर्यादा 6500 रुपये होती, मग प्रत्यक्ष पगार त्याहून कितीही अधिक असो. जुन्या सेवेचा थोडा लाभ धरून त्यांना दरमहा 1600 रुपये बसले. त्या दिवसापासून आजपर्यंत पासबुकात दर महिन्याला तोच आकडा उमटतो. वर नाही, खाली नाही. त्यांच्या पत्नींनी ते पासबुक माझ्यासमोर उघडले तेव्हा एकाखाली एक 1600 च्या ओळी पानभर दिसत होत्या आणि प्रत्येक ओळीतून आदल्या ओळीपेक्षा थोडे कमी धान्य आणि थोड्या कमी गोळ्या येत गेल्या होत्या.

किती कमी, हे मोजता येते. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक सिमल्याचे श्रम ब्युरो दर महिन्याला काढते. 2001 हे वर्ष 100 धरून डिसेंबर 2010 मध्ये हा निर्देशांक 185 होता. पुढे 2016 हे नवे पायाभूत वर्ष आले आणि जुन्या मालिकेशी सांधा जोडण्यासाठी 2.88 हा गुणक ठरला. डिसेंबर 2024 मध्ये नव्या मालिकेतील निर्देशांक 143.7 होता, त्याला 2.88 ने गुणले की जुन्या मालिकेत सुमारे 414 येतो. म्हणजे चौदा वर्षांत कामगार कुटुंबाच्या जीवनावश्यक खर्चाची पातळी 185 वरून 414 वर, सव्वादोन पटीच्या आसपास गेली. त्यामुळे 2010 च्या 1600 रुपयांत जे येत होते ते आणायला 2024 च्या अखेरीस जवळपास 3580 रुपये हवे होते. उलट बाजूने पाहिले तर त्यांच्या हाती पडणाऱ्या 1600 रुपयांची खरेदीची ताकद 2010 च्या 715 रुपयांइतकी उरली आहे. निम्म्याहून अधिक निवृत्तिवेतन, एकही आदेश न निघता आणि एक रुपयाही न कापता, नाहीसे झाले. या चौदा वर्षांत महागाईचा सरासरी वेग वर्षाला सहा टक्क्यांच्या आतबाहेरच होता, हेही लक्षात घ्यावे. कुठला भडका उडाला नाही, हळूहळू झिजत गेले.

मी स्वतः अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझ्या निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता जोडलेला आहे आणि तो वाढतो तो निर्देशांकाच्याच आधारे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा भत्ता जानेवारी 2025 पासून 55 टक्के आणि जुलै 2025 पासून 58 टक्के झाला, आणि त्याच्या मागोमाग राज्य सरकारही आपला भत्ता सुधारते. मला हे मिळते याचे मला समाधान आहे आणि ते कुणी काढून घ्यावे असे मी म्हणणार नाही. परंतु आम्ही दोघे एकाच गल्लीत राहतो, एकाच दुकानातून डाळ आणतो, एकाच औषध दुकानात रांगेत उभे राहतो. ज्या निर्देशांकावरून केंद्राचा महागाई भत्ता ठरतो त्याचे नावच 'औद्योगिक कामगारांचा निर्देशांक' असे आहे. कामगारांच्या घरखर्चावरून काढलेल्या आकड्याने सरकारी नोकराचे निवृत्तिवेतन राखले जावे आणि खुद्द निवृत्त कामगाराला त्यातले काहीही मिळू नये, ही गोष्ट मला अनेक वर्षे टोचत आली आहे. त्यात बेळगावकरांसाठी आणखी एक बाब आहे. या निर्देशांकासाठी देशभरातील ज्या निवडक औद्योगिक केंद्रांतून किरकोळ भाव गोळा केले जातात, त्यांत बेळगावचे नाव आहे. आमच्याच बाजारातले भाव टिपले जातात, त्यांतून देशाचा आकडा बनतो, त्यावरून भत्ते वाढतात, आणि उद्यमबागेतला म्हातारा कामगार 1600 वर थांबून राहतो.

त्यांचे निवृत्तिवेतन निदान 1600 आहे. या योजनेत किमान निवृत्तिवेतन 1 सप्टेंबर 2014 पासून 1000 रुपये ठरले आणि अजून तेवढेच आहे. सप्टेंबर 2014 मध्ये तोच निर्देशांक 253 होता. म्हणजे त्या हजाराची किंमत 2024 च्या अखेरीस 611 रुपये झाली होती. मूळ ताकद राखायची तर 1636 रुपये द्यावे लागले असते. केंद्राच्या राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची स्थिती याहून वाईट आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी ती योजना 75 रुपयांनी सुरू झाली, पुढे ती रक्कम 200 झाली, आणि ऐंशी वर्षांखालील पात्र वृद्धासाठी केंद्राचा वाटा 2007 पासून आजतागायत 200 रुपयांवरच आहे. त्या दोनशेत 2007 च्या साठ-पासष्ट रुपयांइतकी वस्तू येते. कर्नाटक सरकार संध्या सुरक्षा योजनेत महिना 1200 रुपये देते, म्हणून आमच्या भागातील वृद्धांचे थोडे तरी निभते. पण त्या बाराशेलाही निर्देशांकाची जोड नाही.

"सरकारने प्रत्येक रक्कम भावाशी कशी जोडायची? तसे केले तर तिजोरी पुरणार नाही," असा आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे विचारात घ्यायला हवा. पण आपल्या देशात कोणकोणत्या रकमा भावाशी जोडलेल्या आहेत ते आधी पाहू. पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीजवळ कोगनोळीचा टोलनाका आहे. 2008 च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांप्रमाणे टोलचा दर दर वर्षी 1 एप्रिलला वाढतो: मूळ दरावर 3 टक्के ठरलेली वाढ आणि त्यावर घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीचा 40 टक्के हिस्सा. त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांची कमाल किंमत 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार दर एप्रिलला घाऊक निर्देशांकाइतकी वाढवण्याची कंपन्यांना मुभा आहे. 2022 मध्ये ही वाढ 10.77 टक्के आणि 2023 मध्ये 12.12 टक्के होती. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची किंमत निर्देशांकाबरोबर चालते आणि ती विकत घेण्यासाठी मिळणारे निवृत्तिवेतन जागच्या जागी उभे आहे. संसद सदस्यांचे वेतनसुद्धा 2018 च्या वित्त कायद्याने महागाई निर्देशांकाला जोडले गेले आणि मार्च 2025 मध्ये ते एक लाखावरून 1 लाख 24 हजार करण्यात आले, तेही 1 एप्रिल 2023 पासून मागील प्रभावाने. निर्देशांकाची जोडणी ही अवघड किंवा अपरिचित गोष्ट नाही. ती कुणासाठी केली जाते आणि कुणासाठी राहून जाते, एवढाच प्रश्न आहे.

निवृत्तिवेतन निधीत तूट आहे आणि पूर्ण महागाई भत्ता त्याला झेपणार नाही, हे म्हणणे मी धुडकावून लावत नाही. मालकाच्या हिश्श्यातील 8.33 टक्के आणि केंद्राचे 1.16 टक्के एवढ्याच वर्गणीवर ही योजना चालते आणि ती वर्गणीही मर्यादित पगारावर. परंतु पूर्ण भत्ता आणि शून्य भत्ता यांच्यामध्ये बरीच जागा आहे. टोलनाक्याला जे सूत्र लागू आहे तेच किमान निवृत्तिवेतनाला लावले तरी पुष्कळ साधेल. महागाई सहा टक्के असेल त्या वर्षी त्या सूत्राने साडेपाच टक्क्यांच्या जवळपास वाढ मिळेल. 2014 चे हजार रुपये आज अगदी पूर्ण ताकदीचे नसते, पण 611 वरही आले नसते.

आणखी एक गोष्ट आकडेमोड केल्याशिवाय ध्यानात येत नाही. रिझर्व्ह बँकेला 2016 पासून कायद्याने जे उद्दिष्ट दिले आहे ते 4 टक्के महागाईचे आहे, खाली-वर दोन टक्क्यांची मोकळीक धरून. शून्य महागाई हे उद्दिष्टच नाही, आणि त्याला अर्थशास्त्राची कारणे आहेत. भाव उतरत राहिले तर उद्योग आणि रोजगार आक्रसतात, हे जगाने अनुभवले आहे. पण रिझर्व्ह बँकेने आपले काम अगदी तंतोतंत केले, दर वर्षी चोख 4 टक्केच महागाई राहिली, असे समजले तरी साठाव्या वर्षी मिळू लागलेल्या 1000 रुपयांची ताकद पंच्याऐंशीव्या वर्षी 375 रुपये उरते. म्हणजे गोठवलेल्या निवृत्तिवेतनाची झीज ही धोरण फसल्यामुळे होत नाही, धोरण पूर्ण यशस्वी झाले तरीही ती होते. हे एकदा मान्य केले की निर्देशांकाची जोड ही मेहेरबानी राहत नाही; ज्या दिवशी 4 टक्के हे उद्दिष्ट ठरले त्याच दिवशी ती देणे क्रमप्राप्त झाले होते.

लांब पल्ल्याचा हिशोब तर डोळे विस्फारणारा आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि पाचच महिन्यांनी, 1 एप्रिल 1957 रोजी, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्या पिढीतले लोक या दोन्ही घटना एका दमात सांगत. कामगार निर्देशांकाची 1960 ची मालिका, मग 1982 ची, 2001 ची आणि 2016 ची, असे सांधे 4.93, 4.63 आणि 2.88 या गुणकांनी जोडत आलो तर 1960 मध्ये एका रुपयाला जे मिळत होते त्याला 2024 च्या अखेरीस सुमारे 94 रुपये लागत होते. दर मालिकेत वस्तूंची टोपली, म्हणजे ज्यांचे भाव मोजले जातात त्या वस्तूंची यादी, बदललेली आहे, त्यामुळे हे माप काटेकोर मानू नये. पण आजचा रुपया 1960 च्या एका नव्या पैशाच्या जवळ आला आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते. एवढी पडझड होण्यासाठी वर्षाला सरासरी सात टक्क्यांहून किंचित अधिक महागाई पुरली. चलनी नोटाही तेच दाखवतात. जानेवारी 1978 मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्यावर शंभराची नोट सर्वांत मोठी होती. 1987 मध्ये पाचशेची आली, 2000 मध्ये हजाराची, 2016 मध्ये दोन हजारांची. दुसऱ्या टोकाला चार आण्याचे नाणे 30 जून 2011 रोजी चलनातून गेले. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा मात्र अजून पाच रुपयांनाच मिळतो, फक्त त्यातली बिस्किटे कमी झाली आहेत, आणि आमच्या भागातील आजीबाईंना भाववाढ कळते ती त्यातूनच.

जुन्या काळी खानापूर तालुक्यात भाताच्या शेतीवर वर्षाचा गडी ठेवत तेव्हा त्याच्या मोबदल्यात रोख थोडी आणि भात अधिक असे. अमुक इतक्या पायल्या भात, जेवण, घोंगडे, पायताण. त्या व्यवस्थेत अन्याय भरपूर होता आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण त्या मजुरीची एक बाजू नीट होती: भाताचा भाव दुप्पट झाला तरी गड्याच्या घरात पायल्या तेवढ्याच येत. रोख मजुरी आली, ती आवश्यकच होती, तिने माणूस मोकळा झाला. मात्र ही जोड तुटली आणि ती पुन्हा बांधण्यासाठी कायदे करावे लागले. कर्नाटकात किमान वेतनाला जोडलेला महागाई भत्ता दर एप्रिलला निर्देशांकाप्रमाणे बदलतो. निपाणीच्या विडी कामगार महिलांना हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीत तो धरायचा असतो. रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या निर्देशांकावरून दर वर्षी सुधारली जात आली. 2025-26 साठी कर्नाटकात ती 370 रुपये आणि सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला 312 रुपये होती. म्हणजे हात चालतात तोवर कायदा काही प्रमाणात भावाची आठवण ठेवतो. हात थांबले की ती आठवण जाते.

उसाच्या दराविषयी थोडेसे, कारण चिकोडी, रायबाग, अथणी भागातील वाचक त्याशिवाय हे पत्र अपुरे मानतील. 2009-10 मध्ये केंद्राचा रास्त व किफायतशीर दर 9.5 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 129.84 रुपये होता. 2024-25 मध्ये तो 340 रुपये झाला, पण 10.25 टक्के उताऱ्याला. साडेनऊ टक्क्यांच्या उताऱ्यावर 315.10 रुपयेच बसतात. पंधरा वर्षांत दर 2.43 पट झाला आणि त्याच काळात कामगार निर्देशांक 163 वरून 414 वर, म्हणजे 2.54 पट गेला. जवळपास दर वर्षी वाढ जाहीर होत राहिली, आणि सारख्या उताऱ्याच्या उसात येणारा किराणा मात्र किंचित घटला. नोव्हेंबर 2025 मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला 3500 रुपये मागत रस्त्यावर बसले आणि 3300 वर तोडगा निघाला, त्या चर्चेत हा हिशोब कुणी मांडल्याचे माझ्या वाचनात आले नाही. शिवाय ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल चौदा दिवसांत द्यायचे असते आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज लागते. ते व्याज न मागता सहा-सहा महिने थांबणारा शेतकरी रुपया पूर्ण घेतो आणि त्याची ताकद सोडून देतो.

महिलांच्या खात्यात येणाऱ्या रकमांबद्दलही आताच विचार व्हावा. गृहलक्ष्मी योजनेतून निपाणीच्या बहिणीला ऑगस्ट 2023 पासून 2000 रुपये मिळतात. तिच्या कागलला दिलेल्या बहिणीला लाडकी बहीण योजनेतून जुलै 2024 पासून 1500. दोघींत कुणाला जास्त मिळते यावर सीमाभागात खूप बोलले जाते. दोन्ही रकमा जर अशाच राहिल्या आणि महागाई केवळ 4 टक्केच राहिली, तरी पाच वर्षांनी त्या 2000 ची ताकद 1644 आणि 1500 ची 1233 होईल, यावर मात्र कुणी बोलत नाही.

बचतीकडे वळावे, तर तिथेही फार आसरा नाही. मोठ्या बँकांचा बचत खात्याचा व्याजदर 2011 मध्ये 4 टक्के होता तेव्हा महागाई नऊ-दहा टक्क्यांच्या घरात होती. 2025 मध्ये तो अडीच टक्क्यांवर आला आहे. निवृत्तीनंतर मिळालेली पुंजी कुठे ठेवावी हे न कळल्याने आमच्याकडची साधी माणसे दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेकडे वळतात आणि काही वेळा मुद्दलच गमावून बसतात. त्यांना लोभी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पैसा झिजतो आहे हे त्यांना जाणवते, म्हणून ते धावतात. डिसेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्यांसाठी महागाईशी जोडलेले राष्ट्रीय बचत रोखे आणले होते: दहा वर्षांची मुदत, महागाई दर अधिक दीड टक्का व्याज. पण व्याज दरमहा हातात न पडता मुदतीअखेर मिळणार होते, आणि निवृत्ताला लागतो तो दरमहाचा खर्च. ते फारसे खपले नाहीत आणि योजना मागे पडली. दरमहा उत्पन्न देणारे असेच रोखे पोस्ट ऑफिसातून पुन्हा आणले तर पतसंस्थांच्या दारातली बरीच गर्दी ओसरेल.

निर्देशांकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सरासरी टोपली आणि वृद्ध जोडप्याची टोपली सारखी नसते. 2016 च्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार 39.17 टक्के आहे, 2001 च्या मालिकेत तो 46 टक्क्यांच्या वर होता. 1600 रुपयांच्या घरात अन्न आणि औषध सोडून उरते काय? अन्नधान्य महाग होते त्या वर्षी अशा घराची महागाई सरकारी आकड्यापेक्षा अधिक असते; स्वस्त होते त्या वर्षी कमी असते, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. तरीही काहीच जोड नसण्यापेक्षा हे अपुरे माप कितीतरी चांगले.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम एकदा 2014 च्या ताकदीवर आणून पुढे निदान टोलच्या सूत्राने दर एप्रिलला वाढवावी, आणि किमान रकमेच्या वर असलेल्या जुन्या निवृत्तिवेतनांनाही तेच सूत्र लावावे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील 200 रुपये आणि राज्याचे संध्या सुरक्षेचे 1200 रुपये यांनाही अशीच जोड द्यावी. बेळगाव, चिकोडी आणि कारवारच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत निर्देशांकाच्या आकड्यांसह मांडावा. त्यांच्या स्वतःच्या वेतनाला ही जोड मिळालेली असल्याने तिचे महत्त्व त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. खानापूर आणि कित्तूर तालुके उत्तर कन्नड (कारवार) मतदारसंघात येत असल्यामुळे तिकडच्या खासदारांचाही उल्लेख केला आहे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आपण बाजारभावाच्या सदरात रोज गूळ, कांदा, बटाटा, सोने यांचे दर देता. महिन्यातून एकदा त्याच सदरात श्रम ब्युरोने जाहीर केलेला बेळगाव केंद्राचा निर्देशांक, एक वर्षापूर्वीचा आणि दहा वर्षांपूर्वीचा आकडा यांसह, तीन ओळींत छापावा. महागाईच्या दराची बातमी देताना दराबरोबर निर्देशांकाची पातळीही द्यावी. ते आकडे मिळवून त्यांचे सोपे गणित करून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन, आणि माझे शेजारी आपल्या पासबुकाशी ते दर महिन्याला ताडून पाहतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव